कोंबड्यांच्या वाटचा कुळीथ

बहरीनमध्ये आमच्याकडची माणसं जेवायला जमली आणि पानात चिकन असलं की एक गोष्ट हमखास निघते. एका पोल्ट्री फार्मवर नागपूरकडचा एक शिकलेला माणूस होता. तो मालकाशी भांडून गेला आणि जाताना खाद्यात असं काही मिसळून गेला की सगळ्या शेडमधल्या कोंबड्या वाढायच्याच थांबल्या. सांगणारा शेवटी मूठ पुढे करून कोंबडीचा आकार दाखवतो आणि सगळे हसतात. मीही दर वेळी हसलो आहे. ही गोष्ट पहिल्यांदा सांगणारा माणूस मी होतो, आणि ती खोटी आहे.

त्या माणसाने काहीही मिसळलं नव्हतं. या गोष्टीमुळे त्याला या देशात बरीच वर्षं खाद्याच्या लाइनीत कोणी उभं केलं नाही. म्हणून खरं काय झालं ते लिहितो आहे. यात मी बरा दिसणार नाही. इथली बरीच कोकणी मंडळीही बरी दिसणार नाहीत, पण त्यांचा दोष नाही. आपण काय खातो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी त्या फार्मवर स्टोअर सांभाळायचो. आम्ही मालकाला अरबाब म्हणायचो, इथे सगळेच म्हणतात. अरबाब जुन्या वळणाचा बहरीनी, तरुणपणी वडिलांबरोबर व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असलेला, त्यामुळे आमच्याशी हिंदीत बोलायचा. फार्म मांसाच्या कोंबड्यांचा. पिल्लू येतं, महिना-सव्वा महिन्यात वाढतं आणि जातं. एवढ्या लवकर वाढायला त्याला प्रथिनं लागतात आणि ती मिळतात सोयाच्या पेंडीतून. पेंड बोटीने येते.

एका वर्षी बोट रखडली. त्या आठवड्यात कुणाच्या तरी मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, कोणीतरी अरबाबला म्हणालं की तुझ्या कोंबड्या तुझ्या नाहीतच, त्या बोटवाल्याच्या आहेत. हे त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये आला आणि पेंडीच्या ढिगासमोर उभा राहिला.

"तुम्हारा गाँव में मुर्गी सोया खाता?"

"नहीं, अरबाब."

"फिर क्या खाता?"

खरं उत्तर असं होतं की आमच्या कणकवलीकडच्या कोंबड्या परसात मिळेल ते खातात: किडे, उष्टं, शेजारणीचं वाळवण. पण परदेशात गावाबद्दल विचारलं की माणूस गावाला जरा चांगले कपडे घालूनच पुढे उभा करतो. मी म्हणालो, "कुलथी."

अरबाबला कुळीथ माहीत नव्हता. मी सांगितलं की दाणा छोटा, ताकद मोठी. आमचे बैल खातात आणि दिवसभर नांगर ओढतात. बैल आणि पिल्लू यांत काही फरक असेल असं तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ज्याच्या डोक्यात आलं तो नागपूरकडचा माणूस. खाद्यात काय किती घालायचं हे ठरवणं त्याचं काम. पशुआहार शिकून आलेला, पस्तिशीचा, सकाळी शेडमध्ये शिरताना सगळ्यांना जय भीम घालणारा. अरबाब कोणत्याही शिकलेल्या माणसाला इंजिनियर म्हणायचा, म्हणून आम्हीही त्याला इंजिनियर म्हणायचो. तो मला काका म्हणायचा.

"काका, हे काय सांगून राहिले तुम्ही अरबाबले?" तो म्हणाला. "कच्चा कुळीथ पिल्लाला पचत नाही. पचन अडवणारं असतं त्यात काहीतरी. भाजून घ्या, वाफवून घ्या, मग बघू. आणि प्रथिनं सोयाच्या निम्मी. म्हणजे दुप्पट घालावा लागणार."

अरबाबने ते ऐकलं आणि माझ्याकडे वळला. "गाँव में मुर्गी को भून के देता?"

कोंबडीसाठी कुळीथ भाजणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. "नहीं," मी म्हणालो. एवढं एक वाक्य खरं होतं आणि त्यानेच घात केला.

"खलास," अरबाब म्हणाला. "कच्चा डालो."

ठरलं ते असं. एका शेडला नेहमीचं खाद्य. शेजारच्या शेडला सोया निम्म्यावर आणि त्याच्या जागी दुप्पट कुळीथ, मका तेवढा कमी. शेवटी दोन्हीकडच्या कोंबड्या तोलायच्या. इंजिनियरने हात वर करून मूठ दाखवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कुळथाच्या शेडमधली एवढीच राहील." म्हणजे ती मूठ मुळात त्याची. तिचा वापर त्याच्याविरुद्ध होईल हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं.

कुळीथ आला मनामाच्या बाजारातून, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीतल्या एका धान्यवाल्याकडून. जनावरांसाठीचा कुळीथ त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने माणसांसाठीचा पाठवला. पोतं उघडलं तेव्हा आमचा मेसचा आचारी माझ्या बाजूलाच होता. तो मालवणचा. त्याने ओंजळ भरून दाणे उजेडात धरले. लालसर, स्वच्छ, एकसारखे. खडा नाही, कीड नाही.

"दादा, असलो कुळीथ कोंब्यांक घालतत?" तो म्हणाला. "पाप लागात."

"अरबाबचा हुकूम आहे."

"अरबाबाक काय ठावक. तुका ठावक आसा मा?"

मला ठाऊक होतं. घर सोडून आलेल्या कोकणी माणसासमोर कुळीथ ठेवून त्याला त्याच्यापासून लांब राहा सांगणं योग्य नव्हे, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. पहिल्या दिवशी आम्ही फक्त कढणापुरता घेतला. पुढच्या शुक्रवारी आचाऱ्याने पिठीचा विषय काढला. कुळथाची पिठी, लसूण आणि आमसूल घातलेली, गरम भात. बोलता बोलता आम्हा दोघांचंही लक्ष पोत्यांकडे गेलं.

पिठीसाठी कुळीथ भाजावा लागतो, भरडून टरफलं काढावी लागतात, मग दळावा लागतो. भाजायला मेसचं मोठं पातेलं होतं. दळायला फार्मची चक्की होती, कोंबड्यांचं खाद्य दळायची, आणि शुक्रवारी ती रिकामीच असायची. अडचण एवढीच की ती चक्की दोन किलो दळतच नाही. दोन किलो तिच्या दातांतच राहतात. ती सुरू करायची तर निदान एक पोतं हवं. म्हणून आम्ही एक पोतं भाजलं.

चार माणसांच्या मेसमध्ये पोतंभर पिठी झाली. ती ठेवायची कुठे? मी पिशव्या भरल्या. जवळच्या सनद गावातल्या न्हाव्याला एक दिली, तो देवगडचा. जनाबियातल्या बंगल्यांवर काम करणाऱ्या ड्रायव्हरांना दिल्या. मनामातल्या एका शिंप्याला दिली, त्याने डोळे पुसले. सगळ्यांना सांगितलं की गावाहून आली, आमच्या हिने पाठवली. आमची ही तेव्हा मुंबईत मुलाकडे होती आणि कुळीथ तिला बाधायचा.

आठवडाभरात फोन सुरू झाले. ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशी माणसं "दादा, थोडी असली तर" म्हणून बोलायला लागली. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. आम्ही दुसरं पोतं भाजलं. मग तिसरं. होता होता सगळीच पोती आमच्याकडे वळली.

आता कोंबड्यांचं काय, हा प्रश्न होता. पोती मोजून आलेली होती, त्यामुळे ती रिकामी होत गेली हे बरंच दिसत होतं. पण रिकाम्या पोत्यातलं कोंबड्यांच्या पोटात जायला हवं. मी जेवढा कुळीथ काढला तेवढ्याच वजनाची सोयाची पेंड त्या शेडच्या खाद्यात घातली. तोवर बोट लागली होती. पेंड सुटी, ढिगाने पडलेली. ढिगातून घमेलं गेलं की किती गेलं ते कोण बघतो? खाद्याचा रंग मात्र पिवळा दिसायला लागला. त्यावर आचाऱ्याने तोड काढली. भरडताना निघालेली लाल टरफलं त्याने खाद्यात कालवली. रंग जमला. डाळ आम्हाला, टरफलं कोंबड्यांना, आणि अरबाबची खात्री की कोंबड्या कुळीथ खातायत. टरफलं तरी खात होत्याच, हे मी स्वतःला समजावत असे.

एका शुक्रवारी इंजिनियर नाक वर करत मेसच्या दारात आला.

"काका, भाजल्याचा वास येऊन राहिला."

"कॉफी," मी म्हणालो.

"मला वाटलं, तुम्ही ऐकलं माझं. शेडसाठी कुळीथ भाजून राहिले." त्याचा चेहरा एकदम उजळला होता, तो उतरला. "जाऊ द्या ना बावा. लावा कॉफी."

आम्ही त्याला कॉफी दिली. कॉफी मेसमध्ये नव्हती. आचाऱ्याने शेजारच्या खोलीतून मागून आणली.

त्यानंतर तो रोज त्या शेडमध्ये जाऊन बसायला लागला. पिल्लं जोरात वाढत होती. तो एखादी कोंबडी उचलायचा, उलटी धरायचा, पायांना हात लावून बघायचा. मी एकदा विचारलं, "हिला काय झालं?"

"काही नाही झालं. वाढून राहिली."

"मग?"

"तेच म्हणतो मी."

त्या शेडमधली भुशाची गादी सारखी ओली व्हायची. पाणी गळत असेल म्हणून त्याने पिण्याच्या नळ्यांचे निपल बदलले. तरी गादी ओलीच. काटा चुकत असेल म्हणून दुसरा काटा आणला. शेवटी त्याने आपली कॉलेजची पुस्तकं घरून मागवली.

तोलायच्या दिवशी दोन्ही शेड बरोबरीने उतरले. अरबाबने त्या कोंबड्या घरोघरी पाठवल्या, भावांना, मेव्हण्यांना, शेजाऱ्यांना. सगळ्यांनी सांगितलं की चव वेगळी आहे. अरबाबने इंजिनियरच्या खांद्यावर हात ठेवला आणि मूठ दाखवून म्हणाला, "इतना होगा बोला था." माणसं हसली. इंजिनियर हसला नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्याने पहिल्यांदा आपल्याला काही येतं का याबद्दल शंका घेतली.

मग अरबाबने सगळ्या शेडला कुळीथ द्यायचं ठरवलं आणि एक कंटेनर मागवला. इंजिनियर म्हणाला, कच्चा कुळीथ देणार असाल तर खाद्याच्या कागदावर माझी सही नाही. अरबाब म्हणाला, तुझा जळफळाट होतोय, तुझं पुस्तक हरलं. शब्द वाढले. आठवड्यात तो राजीनामा देऊन गेला.

कंटेनर आला. मी आणि आचारी त्याच्याकडे बघत उभे राहिलो. कितीही कोकणी जमवले तरी तो संपणारा नव्हता. कोंबड्यांना पहिल्यांदा खरा कुळीथ मिळाला, कच्चा, टरफलासकट, आणि इंजिनियर म्हणाला होता तसंच झालं. पिल्लं पिल्लंच राहिली. दुकानदार विचारायला लागले की ही तितरं आहेत का. अरबाबने ती पिशवीत दोन दोन घालून विकली.

एके दिवशी तो स्टोअरमध्ये आला. यावेळी तो ढिगाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "पहले अच्छा था. अभी क्या हुआ?"

माझा व्हिसा संपत आला होता आणि नवा त्याच्या हातात होता. मी म्हणालो, "अरबाब, इंजिनियर गुस्से में गया. विटामिन का आखिरी मिक्सिंग उसने किया था."

तेवढंच बोललो. बाकीचं अरबाबने जोडलं आणि आपल्या माणसांना सांगितलं. त्यातले दोघे-तिघे याच धंद्यात होते. मी ते मंडळात सांगितलं, कारण लोक विचारत होते आणि गोष्ट चांगली रंगत होती. इंजिनियरची ती मूठ गोष्टीच्या शेवटी दाखवायची कल्पनाही माझीच.

इंजिनियर बहरीन सोडून गेला नाही. त्याची बायको इथे नर्स आहे. त्याला खाद्याचं काम मिळेना, तेव्हा त्याने पोहण्याच्या तलावांचं पाणी तपासायचं काम धरलं. जनाबियाच्या कंपाउंडमध्ये बंगले पुष्कळ, तलाव पुष्कळ. पाण्यात क्लोरीन किती, ते बाटलीत भरून बघायचं. अरबाबच्या पुतण्याचा तलावही तोच बघायचा. कोंबड्या बिघडवणारा माणूस आपल्याच अंगणात येतो हे पुतण्याला ठाऊक नव्हतं.

मी नोकरीतून निवृत्त झालो. तोवर मुलगा मुंबई सोडून इथे नोकरीला आला होता. त्याच्याकडे सनदला राहतो. मागच्या महिन्यात इंजिनियर घरी आला. मुलगा शिफ्टला गेला होता. इंजिनियरच्या कपड्यांना क्लोरीनचा वास होता आणि केस पांढरे झाले होते.

"काका, एक काम होतं," तो म्हणाला. "नवी फीड मिल सुरू होऊन राहिली. त्यांना माणूस पाहिजे. सोयाच्या ऐवजी फाबा बीन, सूर्यफुलाची पेंड, असं काही काही करायचं आहे त्यांना. माझंच काम आहे ते. पण मालक अरबाबचा दोस्त आहे. तो म्हणतो, अरबाबने हो म्हटलं तर घेतो. तुम्ही सांगा ना अरबाबले, मी काही मिसळलं नव्हतं. स्टोअरला तुम्ही होते, तुम्हाला तर माहीत आहे."

चहा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कढण, पिठी, चक्की, न्हावी, शिंपी, टरफलं. व्हिसाचंही सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो.

तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग म्हणाला, "किलोला किलो पेंड घातली?"

"हो."

"म्हंजे निम्मी सोया होतीच, आणि वरतून कुळथाच्या जागी दुप्पट." तो उठून खोलीत चालायला लागला. "प्रथिनं जास्त झाली ना काका. जास्त झाली की पक्षी पाणी जास्त पितो. म्हणून गादी ओली होती. निपल गळतच नव्हते."

"मला माफ कर," मी म्हणालो.

"किती निपल बदलले मी," तो म्हणाला. "थांबा. आणि वजन बरोबरीनेच का आलं मग? टरफलांमुळे. टरफलांनी खेचलं खाली." तो पुन्हा बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो मी, पण इंजिनियर मनाने अजून त्या शेडमधून बाहेर आला नव्हता. मग हळूहळू आला. "तुम्ही भाजला होता," तो म्हणाला. "मी बोंबलून सांगत होतो भाजा, भाजा. आणि तुम्ही भाजून खाल्ला."

"हो."

"मला कॉफी पाजली."

मी पुन्हा माफी मागितली.

"माफी मला नका मागू," तो म्हणाला. "मला माफीचं काय करायचं? अरबाबकडे चला."

जनाबियाला अरबाबच्या घरी आम्ही इंजिनियरच्या गाडीतून गेलो, मागच्या सीटवर क्लोरीनचे डबे. अरबाब आता थकला आहे, मजलिसमध्ये उशीला टेकून बसतो. त्याने इंजिनियरला बघून तोंड फिरवलं. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. हिंदीत हे सगळं आणखीच विचित्र वाटत होतं. "अरबाब, वो कुलथी मुर्गी ने नहीं खाया. हमने खाया."

"हम कौन?"

"मैं. बावर्ची. फिर सब लोग." मी नावं घेतली नाहीत. सनद, जनाबिया, मनामा एवढंच सांगितलं.

"मुर्गी का दाना खाया," अरबाब म्हणाला. त्याने ते पुन्हा म्हटलं, अरबीत, स्वतःशी. मग विचारलं, "मुर्गी क्या खाया?"

"सोया. और छिलका."

"मफी कुलथी?" मफी म्हणजे अजिबात नाही.

"मफी."

तो इंजिनियरकडे वळला. मग स्वतः उठला, गुडघ्यावर हात ठेवून, नोकराच्या हातातली दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली, घेतली आणि इंजिनियरचा पेला आपल्या हाताने भरला. मी उभाच होतो. मला कोणी बस म्हणालं नाही.

"लेकिन टेस्ट अलग था," अरबाब म्हणाला. "ये मैं नहीं छोड़ेगा. सब बोला, टेस्ट अलग था."

"हो सकता है, अरबाब," इंजिनियर शांतपणे म्हणाला. "प्रोटीन ज्यादा था."

यामुळे अरबाब फारच खूश झाला. पण लगेच त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण कोणाकोणाला काय सांगितलं आहे. त्याने फोन काढला. आधी मिलवाल्याला लावला, अरबीत दोन मिनिटं बोलला, त्यात मला कुलथी आणि मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, एवढेच शब्द कळले, आणि फोन माझ्यापुढे धरला.

"बोल. तुम खुद बोल."

मी बोललो. पलीकडच्या माणसाने विचारलं, तुम्ही स्टोअरकीपर होता आणि तुम्हीच कोंबड्यांचं खाद्य खाल्लं? मी हो म्हणालो. आणि कच्च्याने कोंबड्या वाढणार नाहीत हे या माणसाने आधी सांगितलं होतं? मी हो म्हणालो, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तो म्हणाला, त्याला दे. इंजिनियरने फोन घेतला, चपला घातल्या आणि बोलत बोलत अंगणात गेला.

तोवर अरबाबने दुसरा फोन मागवला होता. मोठा भाऊ. मी बोललो. मग मेहुणा. मग तो शेजारी, ज्याच्या मजलिसमध्ये बोटीचा विषय निघाला होता. प्रत्येकजण मला एकच विचारायचा: दाना? मुर्गी का? आणि मी हो म्हणायचो. एकाने विचारलं, कसा लागतो. मी सांगितलं, लसूण घालून चांगला लागतो. अरबाबने डोळे वटारले, तेव्हा मी ते थांबवलं.

बाहेर काचेतून इंजिनियर दिसत होता. फोन कानाला लावून तो अंगणात फेऱ्या मारत होता आणि मोकळ्या हाताने हवेत काहीतरी मोजून दाखवत होता. पलीकडच्याला ते दिसत नव्हतं.

"ये मेरा बहन का लड़का," अरबाब म्हणाला आणि फोन पुढे केला. "इसको भी बोल."

मी फोन घेतला.